पोशीरच्या बांधावरची फक्की

तीस सेकंदांचा व्हिडिओ ही माझ्या दृष्टीने अगदीच किरकोळ गोष्ट होती. मी एकतीस वर्षं शाळेचं स्नेहसंमेलन बसवलं आहे. साडेचारशे मुलं, त्यांच्या दुप्पट पालक, घशात काटा अडकल्यासारखा माईक आणि दोन तास उशिरा येणारे प्रमुख पाहुणे, एवढं सांभाळून जिने पाचवीच्या पोरांकडून राज्याभिषेक करून घेतला, तिला दोन शेतकऱ्यांना एकमेकांकडे बघून हसायला शिकवायचं म्हणजे किती वेळ लागणार? "एक सकाळ पुरे," असं मी घरात जाहीर करून टाकलं. वाचकहो, तेवढं वाक्य मी गिळलं असतं तर आज हे लिहायची पाळी आली नसती.

आधी घरचं सांगते. आम्ही कर्जतचे, चार पिढ्या इथलेच. सिद्धांत माझा एकुलता एक. तीन वर्षं बंगळुरूला नोकरी करून गेल्या वर्षी तो परत आला, म्हणाला, "आई, आता इथेच काहीतरी करतो." त्याने आणि त्याच्या वर्गातल्या तनयाने मिळून एक ॲप काढलं. नाव शेजारधर्म. एकाचं मळणी यंत्र रिकामं उभं असतं आणि शेजाऱ्याचं भात खळ्यावर पडून असतं. शेजाऱ्याने फोनवर बटण दाबायचं, यंत्र दारात हजर. फवारणीचा पंप असो, शिडी असो, लग्नाची मोठी पातेली असोत, ज्याच्याकडे आहे त्याने द्यायचं, ज्याला हवं त्याने भाड्याने न्यायचं. कल्पना उत्तम. बंगळुरूच्या एका कंपनीने वर्षभर पाठबळ दिलं आणि अट घातली की रविवारी संध्याकाळी सहापर्यंत कर्जत तालुक्यातल्या हजार माणसांनी ॲप घेतलेलं असलं पाहिजे. नाहीतर दुकान बंद, आणि सिद्धांतने पुन्हा जुनी नोकरी धरायची.

त्या आठवड्यात बुधवारी आकडा होता दोनशे चौदा. त्यातले तीस आमचे नातेवाईक. मी दोन फोनवर दोनदा घेतलं होतं.

खरं सांगते, त्या ॲपचं मला फारसं कौतुक नव्हतं. मला माझा मुलगा घरात हवा होता. तीन वर्षं दर रविवारी तो फोनवर "जेवलो" म्हणायचा आणि आवाजावरून मला कळायचं की जेवलेला नाही. आता तो रोज समोर बसून दोनदा आमटी मागून घेतो. हे मला पुन्हा सोडायचं नव्हतं, मग त्यासाठी जे करावं लागेल ते करायची माझी तयारी होती.

"आई, आता रील टाकल्याशिवाय कोणी ढुंकून बघत नाही," सिद्धांत म्हणाला.

तनयाचं मत होतं की एखाद्या मुलीने ट्रॅक्टरसमोर नाचावं. मी ते तिथल्या तिथे फेटाळलं. रात्रभर बसून मी कागदावर नीट प्रसंग लिहिले. कोणी कुठे उभं राहायचं, कोणी कधी हसायचं, चहा कोणी कोणाला द्यायचा, सगळं. पात्रंही ठरवली. पोशीरचा नामा आणि पोशीरचाच धाऊ. दोघे चुलतभाऊ, दोघे माझे विद्यार्थी, सातवी ब. एकाच बाकावर बसायचे आणि इतके भांडायचे की बाकाच्या मधोमध मीच खडूची रेघ मारून दिली होती. आता दोघांची शेतं एकमेकांना लागून, मध्ये एक बांध. धाऊकडे मळणी यंत्र, नामाचं भात खळ्यावर पडलेलं. यापेक्षा चांगली जोडी कुठे मिळणार? मी फोन केला, दोघांनीही "बाई म्हणतात तर येतो" असं सांगितलं. एकमेकांचं नाव ऐकल्यावर दोघेही क्षणभर गप्प झाले होते, ते मी लाजण्याच्या खात्यात टाकलं.

इथे माझा एक दोष कबूल करते. मी स्वभावाने संशयी आहे. एकतीस वर्षं पेपर तपासले की माणूस तसा होतो. दोन पेपरांत एकसारखी चूक दिसली की माझे कान उभे राहतात. पण मला संशय येतो तो नेमका चुकीच्या गोष्टीचा, असं आमचे हे म्हणतात.

गुरुवारी सकाळी आम्ही पोशीरला पोचलो. भात कापून झालेलं, खाचरं मोकळी, ऊन कोवळं. तनयाने बांधावर तीन पायांचा स्टँड रोवला, त्यावर कॅमेरा बसवला आणि एक डोळा मिटून त्यातून बघायला लागली. कॅमेऱ्यापासून माणसं किती लांब ते मोजायला तिने टेप काढला. आणि मी काढली फक्की. क्रीडा स्पर्धेला मैदानावर रेघा मारतो ती पांढरी पूड. माझी ही जुनी पद्धत आहे. पात्राने उभं कुठे राहायचं ते जमिनीवर फक्कीने आखून दिलं की मग ते हलत नाही. मी बांधालगत एक लांब, सरळ रेघ मारली आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक फुली.

धाऊ त्या रेघेकडे बघत राहिला.

"बाई, ही रेघ तुमी कुठनं धरली?"

"त्या आंब्यापासून."

"आंबा नामाचा हाय."

"कोणाचाही असू दे. मला रेघ सरळ पाहिजे."

नामा खूश दिसला. "रेघ अगदी बरोबर हाय, बाई. जरा जाड मारा, वाऱ्यानं जायला नको."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. स्नेहसंमेलनात प्रत्येक आईला आपलं मूल मधोमध उभं हवं असतं, तसंच हे. धाऊला वाटतंय की नामा पडद्यावर जास्त दिसेल. मी तनयाचा टेप घेतला, दोघांना दोन टोकं धरायला लावली आणि सर्वांसमक्ष मोजलं.

"बघा. रेघेपासून तुझ्याकडे अकरा फूट, याच्याकडे अकरा फूट. झालं समाधान?"

धाऊचं तोंड काळवंडलं. "आणि आज्याच्या येळपासनं आमच्याकडं तेरा व्हतं, त्याचं काय?"

या दोघांचे आजोबा गावच्या नाटकात राजाचं काम करायचे, हे मला माहीत होतं. त्यांना रंगमंचावर ऐसपैस जागा लागत असणार, असा मी अर्थ लावला.

"आजोबांचं आजोबांबरोबर गेलं, धाऊ. आता इथे मी ठरवीन ते. आणि एकदा आखलेली रेघ मी पुसत नाही, हे तुला सातवीपासून ठाऊक आहे."

नामाची आई भागूबाई बांधाच्या टोकाला बसून हे सगळं बघत होती. सत्तरीची बाई, पण नजर घारीची. ती उठून माझ्याजवळ आली.

"मास्तरीणबाय, तुमी कोणच्या हापिसातनं आलाव?"

"ऑफिस नाही हो, आजी. बंगळुरूची कंपनी आहे."

"कंपनी," भागूबाई म्हणाली आणि तिने पदर खोचला. "कागुद दाखवा."

मला बरं वाटलं. गावातल्या एका म्हातारीला माझं लेखन बघावंसं वाटतंय. मी प्रसंगांचा कागद तिच्या हातात दिला. तिने तो जवळ उभ्या असलेल्या सुनेकडून मोठ्याने वाचून घेतला. त्यावर मी लिहिलं होतं: 'नामा डावीकडे. धाऊ उजवीकडे. मधला आंबा नको. पेंढ्याचा ढीग हलवणे. दुपारच्या आत काम संपवणे.' भागूबाईने कागदाची घडी केली, कनवटीला लावली आणि परत दिला नाही.

त्यानंतर हसण्याचा प्रसंग. अकरा वेळा घेतला. नामा आणि धाऊ एकमेकांकडे बघायलाच तयार नव्हते, दोघांचीही नजर फक्कीच्या रेघेवर. तनयाने "काका, हसा" म्हटलं की धाऊ दात दाखवायचा, पण त्या हसण्याने लहान मूल दचकून उठलं असतं. चहाचा पेला नामाने धाऊला दिला तो धाऊने घेतला आणि न पिता रेघेच्या पलीकडे ओतला. शेवटी मी उरलेलं काम उद्यावर ढकललं.

"काकू, यांच्यात काहीतरी आहे," परत येताना तनया म्हणाली.

"रंगमंचाची भीती," मी म्हटलं.

शुक्रवारी सकाळी आम्ही त्याच बांधावर आलो आणि तनयाने गाडीतून उतरायच्या आधीच डोक्याला हात लावला. काल जिथे उघडा बांध होता तिथे आंब्याची चाळीस कलमं उभी होती. एका ओळीत, नर्सरीच्या काळ्या पिशव्यांसकट, अर्धी जमिनीत अर्धी बाहेर. धाऊच्या बाजूला ताडपत्रीचा गोठा उभा राहिला होता. त्यात तीन शेळ्या आणि वर पाटी: 'धाऊ शेळीपालन केंद्र, स्थापना २०१४'. पाटीचा रंग अजून ओला होता, एका शेळीच्या पाठीवर त्यातला 'स्थापना' उमटला होता.

"काकू, काल हे काहीच नव्हतं. कालचं आणि आजचं जोडलं तर लोक म्हणतील, चहा पिऊन होईपर्यंत बाग आली."

पहिल्यांदा मला भरून आलं. गावाने आपल्या कार्यक्रमासाठी सजावट केली असं वाटलं. तेवढ्यात धाऊची एक शेळी रेघ ओलांडून आली आणि तिने नामाच्या कलमाचा शेंडा खाल्ला.

"पाच वर्सांचं झाड खाल्लं तुज्या शेळीनं," नामा ओरडला.

"पाच वर्सांचं? आधी पिशवी तर काड तिची."

"आणि तुजं केंद्र दोन हजार चौदाचं? कालपर्यंत ह्या शेळ्या माज्या मेव्हणीच्या दारात व्हत्या."

मग माझा संशय जागा झाला. इतका खर्च कोणी नुसत्या हौसेने करत नाही. यामागे कोणीतरी आहे. खालापूरकडच्या कोणीतरी असंच एक ॲप काढलंय, असं सिद्धांत मध्ये म्हणाला होता. त्याचं हे काम. आमचा व्हिडिओ बिघडवायला गावाला फूस लावली आहे. तसं नसतं तर मी जवळ गेले की लोक बोलणं का थांबवतात? बायका माझ्याकडे बघून मोठमोठ्याने झाडं का मोजतात? मी वही उघडून तनयासाठी दोन शब्द टिपले तर चार माणसं मान लांब करून वहीत डोकावली.

"तू कोणाशी बोलू नकोस," मी तनयाला बजावलं. "इथे सगळे फितूर आहेत."

दुपारी निघताना नामाने गाडीत तांदळाचं पोतं ठेवलं. "घरचा नवा तांदूळ हाय, बाई. रेघंचं तेवडं ध्यानात ठेवा." पुढे नाक्यावर धाऊने गाडी थांबवली, डिकी उघडायला लावली आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आत ठेवून दिलं. "गावठी हाय, बाई," एवढंच म्हणाला. ते काय आहे ते कर्जतच्या चौकात कळलं. सिग्नल नसलेल्या त्या चौकात आम्ही अडकलो असताना डिकीतून कोंबडा आरवला. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. भाजीवालीने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरणार नाही.

"आई, हे लोक तुला एवढं का देतायत?" सिद्धांतने विचारलं.

"मोठी भूमिका मिळावी म्हणून. पण मी अशी विकली जाणारी नाही."

शनिवारी सकाळी मी पोतं नामाच्या आणि कोंबडा धाऊच्या ताब्यात दिला, सगळ्यांसमोर, ताठ मानेने. नामाने धाऊकडे बघितलं. धाऊने नामाकडे. प्रत्येकाची खात्री पटली की दुसऱ्याने जास्त दिलं आहे. दुसऱ्या दिवशी नामाच्या बाजूला आणखी तीस कलमं आणि एक सिमेंटचं तुळशीवृंदावन दिसलं ते त्यामुळेच.

पण त्या सकाळचं खरं दृश्य पुढेच होतं. बांधापासून रस्त्यापर्यंत माणसांची रांग लागली होती. साठ-सत्तर तरी. कशेळ्याकडून दोन जीपा भरून आल्या होत्या. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. कलावंत! नामा-धाऊची बातमी पसरली आणि अख्खा तालुका व्हिडिओत काम मागायला आला, असं मला वाटलं. मी खुर्ची मागवली, झाडाखाली बसले आणि एकेकाला पुढे बोलावलं. पहिला होता भिवाजी नावाचा गृहस्थ, पांढऱ्या टोपीतला.

"म्हणा, 'वा शेजारी, वेळेवर धावून आलास.'"

"वा शेजारी, येळेवर धावून आलास," भिवाजीने शपथ घ्यावी तसं म्हटलं. मग वाकून विचारलं, "आता सही कुठं करू?"

मी सतरा जणांकडून ते वाक्य म्हणून घेतलं. काही जणांचा आवाज खरंच चांगला होता. अठराव्या माणसाशी तनया बोलत होती, ती एकदम धावत आली. तिच्या हातात सातबाऱ्याचा उतारा होता.

"काकू, थांबा. हे व्हिडिओसाठी आलेले नाहीत. हे विचारतायत की गट नंबर एकशे सोळा जातो की राहतो."

"कुठे जातो?"

"रस्त्यात."

मग तिने मला सगळं उलगडून सांगितलं आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. आमच्या कर्जत-खालापूरकडे तीन पायांचा स्टँड, टेप आणि पांढरी रेघ याचा एकच अर्थ होतो: मोजणी. नामा आणि धाऊ यांचा त्या बांधावरून सहा वर्षं वाद चालू होता. गुरुवारी मी दोघांना टेप धरायला लावला आणि प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने गुपचूप मोजणी आणली. संध्याकाळी भागूबाईच्या कनवटीचा कागद गावभर वाचला गेला. कंपनी बंगळुरूची, आंबा नको, ढीग हलवणे, दुपारच्या आत काम संपवणे. एवढी घाई भावाभावांच्या वादात नसते, म्हणजे हा मोठा रस्ता येतोय, असं ठरलं. आणि जमीन रस्त्यात जाणार म्हटलं की झाडाची भरपाई वेगळी, गोठ्याची वेगळी. म्हणून आमच्याकडे मोजणीची नुसती कुणकुण लागली तरी रातोरात बागा उगवतात. मी नुसती फक्की मारली होती, पण कर्जतच्या नर्सरीतली कलमं संपली होती.

"काकू, लगेच सांगून टाका," तनया म्हणाली.

मी उठले. सांगणारच होते, देवाशपथ. तेवढ्यात नामा पुढे आला. हातात फोन, त्यावर आमच्या ॲपचं चित्र.

"बाई, तुमी कदी खोटं बोलला नाय आमच्याशी. एक सांगा. ह्या तुमच्या ॲपात दिसतं का, कुणाचा गट जातो त्ये?"

रांगेतल्या सत्तर माणसांनी कान टवकारले. शनिवार. दुपारचे बारा. आकडा दोनशे एकतीस. आणि माझ्या डोळ्यांसमोर सिद्धांतची बॅग.

मी म्हटलं, "उघडून तर बघ."

बस्स, एवढंच. यात एक अक्षरही खोटं नाही, हे मी तेव्हापासून अनेकदा स्वतःला समजावलं आहे. तनयाने माझ्याकडे असं बघितलं की मी तिच्याऐवजी आंब्याकडे बघितलं. रांगेतले सत्तर फोन बाहेर आले. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांनी पोरांना फोन लावले. कशेळ्याच्या जीपवाल्यांनी परत जाताना प्रत्येक थांब्यावर सांगितलं. चहाच्या वेळेला चारशे, दिवेलागणीला सहाशे ऐंशी. सिद्धांत घरात फोन हातात घेऊन गोल गोल फिरत होता आणि सारखं म्हणत होता, "आई, तू कमाल आहेस, कसं केलंस?" मी भाजी चिरत राहिले.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास माझी सदसद्विवेकबुद्धी जागी झाली. आकडा एक हजार चार झाला होता, त्याचा याच्याशी संबंध नाही असं मी म्हणणार नाही. मी एकटी रिक्षा करून पोशीरला गेले, मारुतीच्या देवळासमोर उभी राहिले आणि लोक जमल्यावर स्पष्ट सांगितलं. रस्ता येत नाही. मोजणी नाही. ती फक्की होती, उभं राहायच्या खुणा होत्या. आम्ही जाहिरात करत होतो. माझी चूक झाली, शनिवारी मी सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही.

सगळे शांतपणे ऐकत होते. भागूबाई पहिली बोलली.

"सांगायला लावलं वाटतं वरनं."

"नाही हो, आजी. मी मनाने आले."

"लोकं झाडं लावायला लागली, म्हणून आता नाय म्हनतात," भिवाजी म्हणाला. "सगळीकडं असंच असतं. आधी नाय म्हनतात, मग एक दिवस यंत्र घेऊन येतात."

"बाई, तुमच्यावर दबाव हाय, आमाला कळतंय," नामा हळूच म्हणाला. त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल खरी कणव होती. "तुमी घाबरू नका. तुमचं नाव आमी कुटं घेनार नाय."

मी शपथ घेतली. त्याने त्यांची खात्री आणखी पक्की झाली. दुपारपर्यंत आजूबाजूच्या तीन वाड्यांत गोठे उभे राहिले.

घरी आले तेव्हा सिद्धांत आणि तनया एकाच फोनवर डोकं घालून बसले होते. ॲपवर तारे देतात ना, तिथे बहुतेकांनी एकेक तारा दिला होता. 'गट नंबर टाकायची सोय नाय.' 'मळणी यंत्र नको, नकाशा दाखवा.' पण सिद्धांतचं लक्ष तिथे नव्हतं.

"आई, लोक ॲप वापरतायत. खरोखर वापरतायत. हे बघ."

मी चष्मा लावला. 'आंब्याची कलमं, साठ नग, मोजणीपुरती भाड्याने मिळतील.' 'शेळ्या पाच, एका दिवसासाठी.' 'ताडपत्री, बांबू, जुनी दिसणारी पाटी.' 'विहिरीचा कठडा, नुसता वर ठेवायचा, टेंपोने पोच.' नामाने कलमं भाड्याने दिली होती. कोणाला, ते मी दोनदा वाचलं. धाऊला. सहा वर्षं भांडणाऱ्या भावांनी बटण दाबून झाडांची आणि शेळ्यांची देवाणघेवाण केली होती. धाऊने तर नामाला चांगला शेजारी म्हणून पाच तारे दिले होते. मी अकरा वेळा प्रयत्न करून जे हसू मिळवू शकले नाही ते सरकारी रस्त्याच्या भीतीने मिळवून दिलं. रस्ता नव्हता, तरीही.

सहा वाजता आकडा होता एक हजार तीनशे बावीस. सहा वाजून दहा मिनिटांनी बंगळुरूहून फोन आला. सिद्धांत अंगणात जाऊन बोलला. मी खिडकीतून बघत होते. तो हसत होता, मान हलवत होता, एकदा त्याने आनंदाने तुळशीलाच टाळी दिली. मी देवापुढे साखर ठेवली. खोटेपणाला देव शिक्षा करतो वगैरे मी मुलांना शिकवत आले, पण त्या क्षणी माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नव्हती.

तो आत आला आणि माझ्या पाया पडला.

"आई, कंपनी वेडी झाली आहे. म्हणतात, चोवीस तासांत एका तालुक्यात एवढे व्यवहार देशात कुठे झालेले नाहीत. झाडं आणि जनावरं भाड्याने देण्याची कल्पना तर त्यांना एवढी आवडली की ते आता चार राज्यांत हे नेणार आहेत."

"वा," मी म्हटलं. "म्हणजे तू इथेच."

"इथे कसा? चार राज्यांचं काम. मुख्य ऑफिसात बसवतायत मला. पुढच्या बुधवारी निघायचं आहे. तीन वर्षांचा करार."

आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला. तनया एकदम स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली.

"बंगळुरूला," मी म्हटलं.

"बंगळुरूला."

"आणि हजार झाले नसते तर?"

सिद्धांत जरा चाचरला. "तर काही नाही. मी मुदत वाढवून मागितली होती. शुक्रवारी संध्याकाळीच त्यांनी होकार दिला होता. आणखी सहा महिने कर्जतमध्येच राहून सावकाश करायचं ठरलं होतं."

"शुक्रवारी? मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो, आई. पण तनया म्हणाली, निवृत्त झाल्यापासून काकूंना एवढं खुशीत तिने पहिल्यांदाच बघितलं. वही काय, फक्की काय, रात्री जागून प्रसंग काय. म्हटलं, तुझा उत्साह कशाला मोडायचा? शनिवारचा दिवस तुला मनासारखा करू द्यावा."

माळ्यावरची मोठी बॅग खाली काढायला शिडी लागत होती आणि आमच्याकडे शिडी नाही. सिद्धांतने फोन काढला, ॲप उघडलं, आणि चार मिनिटांत शेजारचे हरेशराव शिडी घेऊन दारात उभे राहिले. त्यांनी मला विचारलं, "वहिनी, तुमच्या आतल्या गोटातली माहिती म्हणून विचारतो, आमचा भिवपुरीचा तुकडा जातो का हो?"

"तुकडा राहतो," मी म्हटलं. "मुलगा जातो."